घरातला गहू आणि गल्लीतली पत

चैत्र सरता सरता जुन्या इंदुरातल्या गच्च्यांवर गहू वाळायला पडतो. छावणीच्या मंडीतून लोकवन नाहीतर शरबती आणायचा, चाळायचा, निवडायचा, दोन उन्हं द्यायची, एरंडेलाचा हात फिरवायचा आणि कोठीत भरून वर कडुलिंबाचा पाला घालायचा. माणशी महिन्याला सात-आठ किलो धरले तर पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेचार क्विंटल गहू लागतो. २०२५-२६ च्या हंगामात केंद्राचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. म्हणजे साधा गहू घेतला तरी जवळजवळ अकरा हजार रुपये एका दमात मोजावे लागतात. हे करणाऱ्या घराला कोणी ‘आर्थिक संकटाची तयारी चाललीय का’ असं विचारलं तर घरातली माणसं हसतील. त्यांच्या लेखी ती नुसती बेगमी आहे. तयारीची भाषा बोलणारे वेगळेच. डॉलर बुडणार, बँका बुडणार, सोनं घ्या, शेत घ्या, आणि उरलंसुरलं देवावर सोडा, असे निरोप त्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी येऊन पडलेले असतात. या भीतीला हसून उडवावं असं मला वाटत नाही. तिची दिशा तेवढी चुकली आहे. दार लावून घेतलेलं घर कितीही भरलेलं असलं तरी पडझडीत फार टिकत नाही. घर तगवते ती गल्लीतली पत, आणि श्रद्धेचा या बाबतीतला खरा उपयोग ती पत बांधण्याचा आहे.

आर्थिक पडझड म्हटली की सगळ्या देशाचं एका दिवसात वाजलेलं दिवाळं डोळ्यांसमोर येतं. तसं क्वचित घडतं. पडझड बहुधा एका धंद्यावर, एका बँकेवर, एका वस्तीवर येते, आणि दोन रस्ते ओलांडले की दुनिया सुरळीत चाललेली असते. माळव्याला हे नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात इथली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि इंदूरच्या पेढ्या त्यावर उभ्या होत्या. १९०७ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात निर्यात टप्प्याटप्प्यानं कमी करण्याचं ठरलं आणि १९१३ पर्यंत तो व्यापार मिटला. माळव्यात दुष्काळ पडत नाही हा जुना समज त्याआधीच, १८९९-१९०० च्या छप्पनियानं मोडला होता. ज्यांच्या हाती भांडवल होतं त्यांनी ते कापसाकडे वळवलं. सट्ट्यातले बादशहा सर सेठ हुकुमचंद गिरणीमालक झाले. अफू पिकवणाऱ्या कुळांना आणि ती वाहून नेणाऱ्यांना असं वळण सहज घेता आलं नसणार, पण त्यांच्या नोंदी पेढ्यांच्या वह्यांत कोण ठेवतो?

गिरण्यांची गोष्ट मात्र आपल्या समोरची आहे. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद पडली आणि ५,८९५ कामगार एका दिवसात घरी बसले. मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी या गिरण्याही पुढे-मागे थंड झाल्या. देणी मिळवण्यासाठी हुकुमचंदच्या कामगारांनी न्यायालयाची वाट धरली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांचा २२९ कोटींचा दावा मान्य केला. आणि २२४ कोटींचा धनादेश पंतप्रधानांच्या हस्ते निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधे बत्तीस वर्षं गेली. या काळात दोन हजारांहून अधिक कामगार वारले. सुमारे ४,८०० कामगारांमागे वाटणी केली तर सरासरी पावणेपाच लाखांच्या आत येते. एका आयुष्याची मजुरी एवढ्या उशिरा हाती आली की ती बहुतेक घरांत नातवंडांच्या शाळेच्या कामी येते.

या बत्तीस वर्षांत दोन गोष्टी थांबल्या नाहीत. कामगार दर रविवारी गिरणीच्या आवारात जमत राहिले, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे गणपतीचे चित्ररथ, निघत राहिल्या. ही झांक्यांची परंपरा शंभरीला आली आहे. ती सुरू झाली तेव्हा मागे गिरणीचा पैसा होता. गिरणी गेल्यावर वर्गणी आली, इंदूर विकास प्राधिकरण आणि महापालिका यांच्याकडून मदत आली, आणि भोंगा बंद झालेल्या गिरणीच्या नावाचा चित्ररथ रस्त्यावर उतरत राहिला. हिशोबी माणूस विचारेल की पगार नसलेल्या लोकांनी दिव्यांवर पैसे का उधळावेत. प्रश्न रास्त आहे. पण दुसऱ्या बाजूनं पाहा. पाच-सहा हजार माणसांचा खटला बत्तीस वर्षं चालवायचा तर कोण जिवंत आहे, कोणाचा पत्ता बदलला, कोणाची विधवा आता मुलाकडे राहते, हे कोणाला तरी ठाऊक असावं लागतं. गिरणीचं हजेरीपत्रक संपल्यावर दुसरी हजेरी लागली ती रविवारच्या बैठकीत आणि झांकीच्या मांडवात. गणपतीनं कोणाचं घर चालवलं असं मी म्हणत नाही. गणपतीनं माणसं एकमेकांच्या नजरेसमोर ठेवली, आणि नजरेसमोर असलेल्या माणसाला किराणावाला वही उघडून देतो.

‘पत’ या शब्दात ही सगळी गोष्ट आहे. आपल्याकडे पत बँकेतली असते तशी माणसाचीही असते, आणि दुसरी गेली तर पहिलीचा उपयोग नाही. आजची बहुतेक घरं पहिलीवरच विसंबून आहेत, आणि तीही पातळ होत चालली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये घरांची निव्वळ वित्तीय बचत देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर उतरली. कित्येक दशकांतला तो नीचांक. कारण सोपं आहे, ठेवींपेक्षा कर्जं वेगानं वाढली. हप्त्यावर घर, हप्त्यावर गाडी, हप्त्यावर फोन, आणि मग संकटाची धास्ती म्हणून हप्त्यावर सोनं! ठेवी आहेत त्यांनाही फार निर्धास्त राहता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढता येणार होते. तेव्हा ठेवीला विम्याचं संरक्षण १९९३ पासूनच्या एक लाखाचंच होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांचं झालं. ही सुधारणा मोठी आहे, पण विम्याची रक्कम हाती येईपर्यंतचे महिने कोणी तरी चालवून द्यावे लागतात.

म्हणून घराच्या तयारीचा पहिला भाग अगदी रुक्ष आहे. आधी कर्ज कमी करायचं, सोनं नंतर. दोन-तीन महिन्यांचा खर्च दोन वेगळ्या बँकांत आणि थोडी रोकड घरात. वर्षाचं धान्य जमलं तर उत्तम, नाहीतर तिमाहीचं. आणि घरातल्या दोन माणसांना तरी नोकरीबाहेरचं, हातानं करायचं आणि शेजाऱ्याला विकता येणारं एक काम यायला हवं. या शेवटच्याची किंमत माहेश्वरी लुगड्यांनी दाखवली आहे. अहिल्याबाईंनी महेश्वरात विणकर वसवले. संस्थानं विलीन झाल्यावर राजाश्रय गेला आणि माग बंद पडत गेले. पण काही घरांत विणण्याचं अंग शिल्लक होतं, म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस विणकरांची रेहवा सोसायटी उभी राहिली तेव्हा तिला शून्यापासून शिकवावं लागलं नाही. साठवलेल्या गव्हाला किडा लागतो. हातातलं काम मात्र वापरानं वाढतं.

पण एवढी तयारी केलेलं घरही एकटं अपुरं पडतं. मार्च २०२० च्या अखेरीस, टाळेबंदीत, इंदुरात काही दिवस किराण्याची दुकानंसुद्धा बंद होती आणि पुढे महापालिकेच्या गाड्यांनी घरोघर किराणा पोचवला. भरली कोठी असलेल्या घराला तेव्हा बरं वाटलं असेलही. मात्र गहू म्हणजे पोळी नव्हे. पिठाच्या गिरणीला कुलूप असेल तर कोठीतला गहू नुसता पाहायचा. जातं आता कोणाच्या घरात उरलं आहे? स्वावलंबनाचा घरगुती हिशोब असा कुठे ना कुठे शेजाऱ्याच्या दारात जाऊन थांबतो. आणि शेजाराचा व्याप वाढवत नेला तर तोही एका टप्प्यावर तुटतो, हे अर्जेंटिनात दिसलं. डिसेंबर २००१ मध्ये तिथल्या सरकारनं बँकेतून आठवड्याला २५० पेसोच काढू दिले. १९९५ पासून लहान प्रमाणावर चालणारे अदलाबदलीचे मेळे तेव्हा एकदम फुगले. लाखो माणसं स्वतःच्या छापील चिठ्ठ्यांवर भाजी, कपडे, केशकर्तन घेऊ लागली. वर्षभरात खोट्या चिठ्ठ्यांचा सुळसुळाट झाला, भाव चढले आणि बहुतेक मेळे बसले. चिठ्ठी देणारा कोण हे ओळखीवर कळत होतं तोवर ते नीट चालले होते. आपल्या भिशीचंही तेच आहे: बारा बायकांची भिशी वर्षानुवर्षं चालते, बाराशे माणसांची निघाली की पोलीस ठाणं गाठावं लागतं.

आता श्रद्धेबद्दल. पडझडीची भीती विकणारे तिला विम्यासारखी विकतात: इतका जप करा, अमुक धातूची मूर्ती ठेवा, घरात काही कमी पडणार नाही. मराठी माणसाला तरी हे पटू नये, कारण आपल्या परंपरेतला सर्वांत मोठा भक्त दुष्काळात दिवाळखोर झालेला व्यापारी आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यवहार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. देवानं दुकान परत मिळवून दिल्याची कथा त्यांच्या चरित्रात नाही. परंपरा उलटंच सांगते: घराण्याच्या येण्याचे कागद भावाशी वाटून घेऊन त्यांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडला. भक्तीपोटी म्हणा की करुणेपोटी, परिणाम असा की बुडत्या गावातल्या कित्येकांच्या मानेवरचं कर्ज उतरलं. श्रद्धा अर्थकारणात उतरते ती अशी.

याहून साधी, रोजची गोष्टही आहे. एकादशी आणि चातुर्मास पाळणाऱ्या घराला कमी खाऊन राहण्याची सवय असते, आणि त्यात हीनपणा वाटत नाही; पगार थांबलेल्या घराला हा मानसिक साठा फार उपयोगी. आणि पाचशे पानांचा भंडारा उठवणारं इंदुरातलं कोणतंही मंडळ घ्या. त्याच्याकडे पातेली आहेत, शेगड्या आहेत, पन्नास किलो कणीक मळून देणारे हात आहेत, कोणता व्यापारी तूप देतो आणि कोणता फक्त आश्वासन देतो याची यादी आहे. अडचणीच्या काळात सरकारला सामुदायिक स्वयंपाकघर उभं करायचं तर आठवडा लागेल. हे मंडळ उद्या दुपारी पंगत बसवू शकतं. नास्तिकालाही ही यंत्रणा मोडून चालणार नाही. ती चालते मात्र श्रद्धेवर.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. सगळ्यांनी साठे केले तर भाव वाढतील, असं म्हणतात. सुगीत, आवक भरपूर असताना, खाण्यापुरतं घेणारं घर भाव चढवत नाही. अफवा उठल्यावर दुकानापुढे रांग लावणारं घर चढवतं. पुढचा आक्षेप अधिक टोचणारा आहे: अकरा हजार एकदम ज्याच्याकडे नाहीत त्यानं काय करायचं? रोजंदारीवरच्या घराला बेगमीचा उपदेश करणं ही थट्टाच होईल, आणि तिथेच घराऐवजी गल्ली हा हिशोबाचा घटक धरावा लागतो. तिसरा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. स्वावलंबनाचा गजर वाढला की सरकार अंग काढून घेतं. हुकुमचंदच्या कामगारांना शेवटी पैसे मिळाले ते न्यायालय, कायदा आणि जमिनीच्या व्यवहारातून, झांकीतून नाही. देशातल्या ८० कोटींवर लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य अन्नसुरक्षा कायद्यानं मिळतं, तेवढं कोणतंही मंडळ देऊ शकत नाही. गल्लीची पत महिने काढून देते, वर्षं नाही. पण हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडायचं तर मधले महिने तगावं लागतं, म्हणून मी या दोन्हींना एकमेकांविरुद्ध उभं करत नाही.

सगळ्यांत अवघड आक्षेप असा की श्रद्धेची गल्ली सगळ्यांची नसते. मंडळाची वर्गणी न देणारा, दुसऱ्या देवाचा, भाड्यानं राहणारा, बाहेरगावाहून मजुरीला आलेला माणूस तिच्या वहीत नसतो, आणि पडझडीत पहिला तोच उघडा पडतो. याला गोड बोलून बगल देता येणार नाही. उपाय व्यवस्थेत शोधावा लागेल. अहिल्याबाईंनी खासगीचा हिशोब राज्याच्या तिजोरीपासून वेगळा ठेवला आणि घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं खासगीतून चालवली, हे इंदूरला तोंडपाठ आहे. तसाच धान्याचा हिशोब मंडळांना आरास आणि ध्वनिवर्धकाच्या हिशोबापासून वेगळा ठेवता येईल. वर्गणीतला दहावा भाग वैशाखात गव्हा-डाळीत घालावा, साठा किती आणि कुठे हे फलकावर लिहावं, आणि तो कोणाला द्यायचा याची यादी सदस्यत्वावरून न करता घरक्रमांकावरून करावी: गल्लीत राहतो तो यादीत, मग त्याच्या घरात देव्हारा असो की नसो. काही मंडळं याला नाक मुरडतील. निदान कोणत्या मंडळाच्या वर्गणीला दार उघडायचं, हे तरी त्यावरून कळेल.