'ट्रिपल निगेटिव्ह' रिपोर्ट म्हणजे शेवट नव्हे. पण इथं उशीर महागात पडतो

बार्शी : छातीतल्या गाठीची बायोप्सी झाली की काही दिवसांनी हातात कागद पडतो. त्यावर 'ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह' असं लिहिलेलं असतं. एखाद्या घरात निगेटिव्ह म्हणजे काही नाही, असा अर्थ निघतो. दुसऱ्या घरात कुणीतरी मोबाईलवर वाचून 'हा सगळ्यात वाईट प्रकार, पैसा घालून उपयोग नाही' असं सांगून मोकळं होतं. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे उपचार लांबतात.

हे तीन निगेटिव्ह काय सांगतात? कॅन्सरच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचे रिसेप्टर नाहीत, आणि हर-टू हे प्रथिनही वाढलेलं नाही. त्यामुळे टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या किंवा ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन इथं कामाचं नाही. मुख्य भिस्त राहते ती केमो, ऑपरेशन आणि रेडिएशनवर. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार १० ते १५ टक्के दिसतो. भारतातल्या अभ्यासांत तो चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो, आणि त्यात तरुण बाया जास्त असतात.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतल्या नोंदींनुसार गाठ स्तनापुरतीच असताना सापडली तर पाच वर्षांनंतर जगण्याचं प्रमाण ९१-९२ टक्के आहे. काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेला असेल तर ते ६६ टक्क्यांच्या आसपास येतं. फुप्फुस, यकृत, मेंदू असा लांब पसरला असेल तर १२ ते १५ टक्के. आजाराचं नाव एकच आहे, फरक फक्त कधी सापडला याचा.

आपल्याकडं स्तनाच्या सगळ्या प्रकारांचे मिळून ११ कॅन्सर नोंदणी केंद्रांचे आकडे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही हाच उतार दिसतो : ८१ टक्के, ६५ टक्के आणि १८ टक्के. अर्थात हे सरासरीचे आकडे आहेत. एका बाईचं काय होणार, हे त्यावरून कुणी सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हा आजार परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत येतो. पाच वर्षं नीट गेली की धोका बराच खाली येतो. हॉर्मोनवाल्या प्रकारात मात्र १०-१५ वर्षांनीही आजार डोकं वर काढू शकतो. म्हणजे 'वाईट प्रकार' म्हणतात त्यातही पुढं मोकळा रस्ता आहे. फक्त पहिली तीन वर्षं तपासणीची एकही तारीख चुकता कामा नये.

केमोचा गुण कळतो कसा?

मोठी गाठ असेल तर डॉक्टर आधी केमो देऊन मग ऑपरेशन करतात. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात कॅन्सर शिल्लक सापडला नाही, तर पुढची वाटचाल बरीच चांगली असते. शिल्लक राहिलाच तर कॅपेसिटाबिन या गोळ्यांचा फायदा होतो, हे जपान आणि कोरियातल्या अभ्यासानं २०१७ मध्ये दाखवलं.

आपल्या राज्यातला अभ्यास तर अजून जवळचा. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं ७२० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले. नेहमीच्या केमोत कार्बोप्लॅटिन हे जुनं, जेनेरिकमध्ये मिळणारं औषध जोडल्यावर ५० वर्षांपर्यंतच्या बायांमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ६६ वरून ७७ टक्क्यांवर गेलं. त्याहून मोठ्या वयात असा फायदा दिसला नाही. पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या नव्या इम्युनोथेरपीनंही फायदा होतो, पण तिचा खर्च लाखांत जातो. म्हणून 'महागडं इंजेक्शन परवडत नाही, मग राहू द्या' हा हिशेब चुकतो.

तालुक्यात अडतं कुठं?

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील बायांची स्तनतपासणी पाच वर्षांतून एकदा धरली आहे. हा आजार मात्र झपाट्यानं वाढतो आणि दोन तपासण्यांच्या मधेच उगवू शकतो. मुंबईत दीड लाख बायांवर २० वर्षं चाललेल्या अभ्यासात दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली गेली. ५० च्या पुढच्या बायांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही. म्हणजे तरुण बाईनं शिबिराची वाट बघण्यात अर्थ नाही. गाठ लागली की लगेच दाखवायचं. दुखत नाही म्हणून सोडायचं नाही, 'दिवाळीनंतर बघू', 'ऊस गेला की बघू' म्हणायचं नाही. ऑपरेशननंतरची केमो ९० दिवसांच्या पुढं गेली तर जगण्याचं प्रमाण घटतं, आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये ही घट जास्त दिसते.

पैशाचा प्रश्न खराच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन येतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला आधी भेटावं, मग पैसे भरावेत. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत कुणी जायचं, हे मात्र योजनेत बसत नाही, आणि केमोची तारीख नेमकी तिथंच हुकते.

इथं बार्शीचा अनुभव कामाला येतो. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये इथं सुरू झाली. कर्मचारी गावोगाव फिरून माहिती देऊ लागले, तशा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. त्यासाठी मोठं यंत्र लागलं नाही. गावात आशाताईंकडं गरोदर बाईची तारखांसकट नोंद असते. केमो चालू असलेल्या बाईचीही तशीच नोंद ठेवली आणि तारीख चुकली की दुसऱ्या दिवशी कुणी दारात गेलं, तर रिपोर्टवरच्या तीन निगेटिव्हची भीती बरीच कमी होईल. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं एवढं तरी मनावर घ्यायला हवं.