टांकसाळ, हुंडणावळ आणि कुंडमची चांदी

भारतीय भाषांतील ऋणविषयक साहित्याची चर्चा बहुधा सावकारापाशी येऊन थांबते. वही, अंगठा, जप्ती आणि त्यांच्यामागे बसलेला तो गृहस्थ. एवढे झाले की शोषणाचे चित्र पूर्ण झाले असे समीक्षा मानते. परंतु त्या सावकारालाही ज्याची पुरती कल्पना नसे असा एक व्यवहार त्याच्या दुकानापासून हजारो मैलांवर ठरत असे, आणि झळ मात्र दुकानापुढे बसलेल्या माणसास लागे. सरकारचे कर्ज आणि चलनाचे धोरण हा तो व्यवहार होय. साहित्याभ्यासकांनी तो अर्थशास्त्राच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, हे समर्थनीय नाही.

जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कुंडम हा गोंडवस्तीचा डोंगराळ मुलूख. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच छत्राखाली नांदली. अशा मुलखात ज्या घरांना परवडे त्यांची शिल्लक म्हणजे बायकांच्या अंगावरील चांदी : हसली, तोडे, वाळे. इतरांच्या वाट्यास पितळ आणि कासे येई. चांदीची ही पेढी भक्कम मानली जाई, याला कारण होते. १८९३ पर्यंत कोणीही मुंबईच्या वा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी नेऊन, थोडी घडणावळ देऊन, तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. गोंड बाई टांकसाळीत जात नव्हती हे खरे. पण मोठा व्यापारी जाऊ शकत होता, आणि तेवढ्यानेच खेड्यातील चांदीचा भाव रुपयाला बांधलेला राही.

१८७१ नंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, १८७३ मध्ये अमेरिकेने चांदीच्या मुक्त नाणेपाडणीचा मार्ग बंद केला. लंडनमध्ये औंसामागे सुमारे ६० पेन्स असलेली चांदी १८९३ पर्यंत ३५ पेन्सांच्या आसपास आली. तिच्याबरोबर रुपयाची हुंडणावळही जवळजवळ दोन शिलिंगांवरून सव्वा शिलिंगाच्या खाली घसरली. हिंदुस्थान सरकारची विलायतेतील देणी मात्र पौंडांत होती. कर्जावरील व्याज, निवृत्तिवेतने, आणि रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना हमी दिलेले व्याज यांचा त्यांत समावेश होता. १८७० मध्ये जबलपुरास पोहोचलेला मुंबईचा लोहमार्गही अशाच हमीवर बांधलेला होता. पूर्वी दहा-साडेदहा रुपयांत फिटणाऱ्या पौंडास आता सोळा रुपये मोजावे लागू लागले. कर वाढवणे किंवा रुपयाची घसरण रोखणे, असे दोन मार्ग सरकारपुढे होते. २६ जून १८९३ रोजी लोकांच्या चांदीस टांकसाळी बंद झाल्या.

रुपया वर चढला, चांदी खाली राहिली. १८९९ च्या सुमारास रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला असता त्यातील चांदी जेमतेम दहा पेन्सांची होती. या दराने एक पेनी म्हणजे एक आणा. तेव्हा जी तोळाभर चांदी पूर्वी रुपयाच्या जवळपास जाई, तिचे आता दहा आणे. आणि नेमक्या याच वर्षांत जबलपूर जिल्ह्यात गव्हाची पिके बुडत गेली, १८९६-९७ चा दुष्काळ पडला, पाठोपाठ १८९९-१९०० चा. दागिने मोडण्याची वेळ आणि चांदी पडण्याची वेळ एकच आली. सारा रुपयांत, कर्ज रुपयांत, शिल्लक चांदीत! दहा आणे हातावर ठेवणाऱ्या सावकाराने कदाचित लबाडी केलीही असेल. पण केली नसती तरी बाईच्या लेखी लबाड तोच ठरला असता. सरकारची अडचण खोटी नव्हती. मात्र ती सोडवण्याची किंमत ज्यांच्या अंगावरून काढून घेतली गेली त्यांना तिचा पत्ताही नव्हता.

मराठीने हे ओळखले नव्हते असे नाही. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) सरकारी खर्च व कर्ज यांचा भार शेतकऱ्याच्या माथी कसा येतो याचे भान आहे. पण अभ्यासक्रमांत त्या ग्रंथाचे भटशाही आणि सावकारीपुरतेच वाचन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. हुंडणावळ स्थिर राखण्यापेक्षा रुपयाची क्रयशक्ती स्थिर राखणे अधिक महत्त्वाचे, हे त्यांचे प्रतिपादन. दलित साहित्याच्या विवेचनात आंबेडकर सर्वत्र असतात, हा प्रबंध क्वचितच असतो. वास्तविक परक्या चलनातील देणे राज्यकर्त्यांचे हात कसे बांधते, हे २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली तेव्हा पुन्हा दिसले.

कुंडमच्या पूर्वेस, आज दिंडोरी जिल्ह्यात असलेल्या पाटणगढ परिसरात शामराव हिवाळे आणि व्हेरिअर एल्विन यांनी गोंड-परधानांची गाणी जमवली. मैकल टेकड्यांतील लोकगीतांचा त्यांचा संग्रह १९४४ चा. अशा गाण्यांत चांदीचा दागिना आला की अभ्यासक त्यास शृंगाराची प्रतिमा म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो. ती प्रतिमा असेलच. पण तोच दागिना त्या घराची दुष्काळासाठीची ठेवही होता, आणि ठेवीची किंमत गाणाऱ्यांना ठाऊक असते. एल्विन आणि हिवाळे या भागात १९३२ मध्ये आले. त्याच्या आदल्या वर्षीच लंडनमध्ये चांदी औंसामागे १२-१३ पेन्सांपर्यंत उतरली होती.