माळ्यावर गेलेला दांडा

(तृतीय वर्ष कला)

लहान मुलाची सायकल मोठ्या माणसाच्या सायकलला जोडून ओढत न्यायची, असे कुणी सांगितले तर आपल्यापैकी बहुतेकांना हसू येईल. मलाही आले होते. गेल्या दिवाळीत ताई नेदरलँड्सहून माहेरी आली, तेव्हा तिच्या सामानातून चॉकलेटांच्या आधी एक लांब लोखंडी दांडा बाहेर पडला. "अगं, पडद्याचा रॉड इथे मिळत नाही का?" आईने विचारले. ताई नुसती हसली. शेजारच्यांची छोटी सायकल मागून आणली आणि तिने तो दांडा बाबांच्या जुन्या सायकलला बसवला.

रचना अगदी साधी आहे. दांड्याचे एक टोक मोठ्या सायकलच्या सीटखालच्या नळीला आवळायचे, दुसरे छोट्या सायकलच्या हँडलखालच्या नळीला. छोटीचे पुढचे चाक जमिनीपासून थोडे वर उचलले जाते. त्यामुळे वळवण्याचे काम पुढच्याचे. मागच्याने हवे तर पेडल मारावे, दमला तर पाय स्वस्थ ठेवावेत. गर्दी संपून मोकळा रस्ता लागला की दांडा सोडायचा आणि मूल आपल्या दोन चाकांवर स्वतंत्र! दोरीने बांधून मात्र हे साधत नाही. दोरी हँडल वेडेवाकडे खेचते, आणि पुढच्याने ब्रेक दाबला की मागचा त्याच्यावर येऊन आदळतो.

बाबांना हे सारे फाजील लाड वाटले. "आम्ही तासाच्या भाड्याने सायकल आणायचो. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीखालून पाय घालून चालवायचो. गुडघे फुटले, पण शिकलो!" ताईने शांतपणे विचारले, "बाबा, तुम्ही पडलात तेव्हा मागून काय येत होते?" बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "टांगा." वाद तिथेच मिटला.

मला वाटते, या दांड्याचे खरे मोल लोखंडात नाही. मुलाला न्यायच्या दोनच रीती आपल्याला ठाऊक आहेत. एक तर त्याला उचलून न्यायचे किंवा एकदम सोडून द्यायचे. आधी कडेवर, मग स्कूटरवर पुढे उभे करून, मग शाळेच्या रिक्षात, आणि अठरा पूर्ण झाली की हातात गाडीची किल्ली! मधली पायरीच नाही. हा दांडा म्हणजे ती मधली पायरी आहे. मुलाचे हँडल त्याच्या हातात, पेडल त्याच्या पायात, रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर. तोल जाईल तेथे मात्र आईचा आधार. ते सामान नसते, प्रवासी असते. घरातल्या, आणि वर्गातल्याही, चांगल्या शिकवण्याची रीत याहून निराळी असते काय?

पण दांडा बसवून भागत नाही, रस्ताही लागतो. रविवारी सकाळी ताई आणि पाच वर्षांचा भाचा निघाले. मी मागून चालवत होते. "मावशी, बघ, मीच आईला ढकलतोय!" असे तो ओरडत होता. आपल्या महाविद्यालयाजवळ सायकलींसाठी आखलेली पट्टी आहे, ती आपण सर्वजण जाणतो. ताईने मोठ्या विश्वासाने त्या पट्टीवर सायकल घातली. वीस पावलांवर स्कूटरींची रांग उभी! दोन सायकली जोडल्या की त्यांची लांबी गाडीइतकी होते, चटकन वळता येत नाही. ती मुख्य रस्त्यावर उतरली आणि मागून आलेली बस कर्कश हॉर्न वाजवत अगदी हातभर अंतरावरून गेली. भाचा पडला नाही, पण त्याचे गाणे थांबले. तिथूनच आम्ही परतलो. संध्याकाळी दांडा माळ्यावर गेला.

"तुझ्या त्या देशात बरे आहे," असे मी ताईला म्हणाले. त्यावर तिने सांगितलेली गोष्ट मला नवी होती. नेदरलँड्सचे रस्ते मुळापासून असे नव्हते. महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली हटल्या. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची मुलगी अपघातात गेली होती अशा एका पत्रकाराने १९७२ मध्ये 'बालहत्या थांबवा' असा लेख लिहिला. त्याच नावाची चळवळ उभी राहिली आणि आईबाप मुलांसह रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवार मोटारी बंद राहिल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो ते लोकांना दिसले. १९७६ मध्ये वस्तीतल्या काही रस्त्यांवर चालणाऱ्यांना आणि खेळणाऱ्या मुलांना मोटारींहून वरचा मान देणारा नियम झाला. तिथले रस्ते आईबापांनी भांडून मिळवले आहेत.

आपल्याकडेही विचार अगदीच होत नाही असे नाही. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवरून नेताना पट्टा व हेल्मेट हवे, वेग ताशी चाळीस किलोमीटरपेक्षा जास्त नको, असा नियम २०२२ मध्ये निघाला. नियम चांगलाच आहे. पण मुलाला गाडीवरून कसे न्यावे, एवढाच विचार त्यात आहे. ते स्वतः पेडल मारत कसे जाईल, हा प्रश्न उरतोच.

मित्रहो, व्यवस्थेला नावे ठेवून हा लेख संपवणे सोपे होते. परंतु त्या सकाळची एक गोष्ट मी ताईला अजून सांगितलेली नाही. पट्टीवर स्कूटर लावणारे कोण? आपणच. रविवारी माझी स्कूटर घरी होती, एवढेच. सोमवार ते शनिवार ती त्याच रांगेत, फाटकापासून तिसरी किंवा चौथी, उभी असते.

आता मी ती मागच्या मैदानात लावते. तासाला पोचायला चार मिनिटे उशीर होतो. सरांनी रागावू नये. पुढच्या दिवाळीत ताई येणार आहे. तोवर ती रांग हटली, तर दांडा माळ्यावरून मी स्वतः काढीन.