आप्पांची गाडी

आप्पा रिटायर झाले आणि धुळ्याच्या अंगणात वेल्डिंग मशीन आलं. "स्वतः कार बनवतो" म्हणे! मी आधी हसलो. मग नियम वाचले आणि हसू गेलं.

इंग्लंडात किट आणा, घरी कार जोडा, त्या एका गाडीची तपासणी पास करा, नंबर घ्या. आपल्याकडे १९८९च्या नियमांतला १२६वा नियम नमुना गाडीची चाचणी मागतो, एआरएआयसारख्या संस्थेत. कंपनीला परवडतं, पेन्शनरला कुठून? देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप बनवली. २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो दिली. कौतुक झालं, पण रस्त्यावर आली ती बोलेरोच.

ब्रेक, दिवे कडक तपासा की! पण एकट्या गाडीला परवडेल अशी वाट ठेवा. नाहीतर आप्पा अंगणातच चकरा मारणार.