यवतमाळच्या माणसानं जहाजात बसूच नये का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसानं फोटोत कायम रडकंच दिसलं पाहिजे, असा काही जीआर निघालाय का? निघाला असेल तर मला पाठवा, फ्रेम करून दुकानात लावतो.

गेल्या आठवड्यात मी, बायको अन् काकू असे तिघांचे जहाजावरचे फोटो टाकले होते. मुंबई ते गोवा अन् परत, तीन रात्री. आयुष्यातली पहिली क्रूझ. त्याखालच्या कॉमेंट वाचून वाटलं, आपण समुद्रावर नाही, कुणाच्या तेरवीत जाऊन नाचून आलो. "शेतकरी मरून रायले अन् तुमची क्रूझ चालू." "पैसा जास्त झाला वाटते भाऊ." अन् सगळ्यात जास्त लाईक मिळालेली कॉमेंट काकूच्या फोटोखाली. वारा सुटलाय, पदर उडतोय, डोळ्यावर बायकोचा गॉगल, अन् काकू तोंड उघडून हसतेय. त्याखाली एकानं लिहिलं, "नवऱ्याच्या नावानं मदत घ्यायची अन् जहाजावर मजा मारायची."

नाव लिहीत नाही. लिहिणारा ओळखीचा आहे, त्याच्या लेकीच्या लग्नात मी पंगत वाढली आहे. पण उत्तर इथं सगळ्यांसमोर देतो, कारण कॉमेंट पण सगळ्यांसमोरच होती.

माझ्या काकानं 2006 साली फवारणीचं औषध घेतलं. पऱ्हाटी लाल्यानं गेली होती, सावकाराचं होतं, बाकीचं तुम्हाला माहीत आहे, आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सरकारी मदत एक लाखाची असते, तीस हजार हातात अन् सत्तर हजार ठेव म्हणून. काकूला त्यातलं काहीच मिळालं नाही. सातबारा आजोबांच्या नावावर, बँकेचं कर्ज काकाच्या नावावर नाही, प्रकरण अपात्र. म्हणजे माणूस मेला, पण कागदावर शेतकरी मेला नाही. त्यामुळं "मदत घेऊन" हा भाग आधी खोडून टाका. मिळाली असती अन् वीस वर्षांनी त्यातले चार पैसे खर्चून ती समुद्रावर गेली असती, तरी मी हेच लिहिलं असतं.

आता हिशेब. माझं झेरॉक्स अन् स्टेशनरीचं दुकान आहे. गावाला भावाची अन् माझी मिळून पाच एकर. तीन वर्षं भिशी भरली, ती उचलली. रेल्वेसकट तिघांचे ऐंशी हजाराच्या आसपास गेले. कर्ज काढलं नाही. दुसरी वेचणी आटोपून जानेवारीत गेलो, वावर उघडं टाकून नाही.

ऐंशी हजार लई झाले म्हणता? आपल्याकडं साधं लग्न किती लाखाचं होते ते सांगा. मंगल कार्यालय, डीजे, तीन तऱ्हेच्या भाज्या, अन् आता ते प्री-वेडिंग शूट, त्यात नवरा-नवरी पैनगंगेच्या गुडघाभर पाण्यात उभे. त्यासाठी वावर गहाण टाकलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथं कुणी उठून म्हणत नाही की शेतकरी मरून रायले. तिथं आपण जिलबी दुसऱ्यांदा मागतो. म्हणजे चार लोकांना जेवू घालण्यासाठी बुडालेला चालतो, अन् स्वतःच्या घरच्या बाईला समुद्र दाखवला की ऐश!

ही सवय आपल्याला लावली कुणी, तेही बोलू. आपला जिल्हा बाहेरच्यांना एकाच फोटोतून माहीत आहे. भिंतीवर हार घातलेली तसबीर अन् खाली बसलेली बाई. चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी 1986 च्या 19 मार्चला बायकोलेकरांसह जीव दिला, तेव्हापासूनचा हा फोटो. 2008 मध्ये जळक्याच्या कलावतीबाईंचं नाव राहुल गांधींनी थेट संसदेत घेतलं. 2014 च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदींची चाय पे चर्चा आर्णी तालुक्यातल्या दाभडीत झाली. 2019 चं साहित्य संमेलन यवतमाळात झालं, त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झालं, अन् तिथं त्या जे बोलल्या ते स्टेजवरच्या पुष्कळांपेक्षा खणखणीत होतं. मी यातल्या कुणालाच नावं ठेवत नाही. दुःख खरं होतं अन् आहे. 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, ते काय कुणी रचून सांगितलं होतं? पण इतक्या वर्षांत एक गोष्ट झाली. येणाऱ्याला आमचं दुःख बघायची सवय लागली अन् आम्हाला ते दाखवायची. आता आमच्यातलंच कुणी हसलं की आम्हालाच चुकल्यासारखं वाटते. काका गेल्यापासून काकू कुणाच्या हळदीकुंकवाला तर सोडाच, जत्रेला पण गेली नाही. कोणी मनाई केली नव्हती. नुसतं बघायचे. त्या बघण्याची वीस वर्षं.

म्हणून त्या तीन दिवसांचं थोडं लिहितो, कॉमेंटवाल्यांसाठी नाही, माझ्यासाठी.

जहाज म्हणजे अकरा मजली इमारत हलतेय असं समजा. चढताना काकू पायरीवर थांबली अन् मला विचारलं, "बुडाले तं कोणाले सांगाचं?" मी म्हटलं, वर माणसं आहेत. "मंग ठीक." संध्याकाळी जहाज निघालं, मुंबईचे दिवे हळूहळू मागं गेले अन् मग फक्त काळं पाणी. बायको घाबरून आत गेली. काकू कठड्याला धरून उभी. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नांगरलेल्या वावरासारखं दिसते." मी पुष्कळांची समुद्राची वर्णनं ऐकली आहेत, पण अंधारातल्या लाटांना इतकं बरोबर कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात तोच समुद्र बघून म्हणते, "हे सारं खारं हाय म्हंते. मंग एवढं ठेवून काय फायदा?" अन् स्वतःच हसली.

सवयीप्रमाणं ती चारला उठायची. मला उठवून वर डेकवर. तिथं कुणी नाही, फक्त डेक धुणारी पोरं. काकूनं त्यातल्या एकाला कुठला विचारलं, तो ओडिशाचा निघाला. सहा-सहा महिने घरी जात नाही म्हणाला. मग रोज पहाटे ती त्याच्याशीच बोलत बसायची, तिला हिंदी येत नाही अन् त्याला मराठी. परतीच्या सकाळी उजव्या हाताला कोकणाचे डोंगर अन् त्यांच्यामागून सूर्य वर आला. तिनं हात जोडले. मग जेवणाच्या हॉलमध्ये इडली, आंबे घातलेलं काहीतरी, तीन प्रकारचे पाव. ताट आपण उचलायचं नाही हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही, रोज उचलून न्यायला निघायची अन् वेटर मागं पळायचा. "आयुष्यात पयल्यांदा कोणी माह्यं उष्टं काढलं," हे तिनं घरी आल्यावर चार बायांना सांगितलं. समुद्राचं कमी अन् हेच जास्त सांगितलं.

सगळंच गोड होतं असंही नाही. रात्री डीजे इतका की छातीत धडधड. एका मजल्यावर जुगाराचा अड्डा, त्याला गोड नाव कॅसिनो. थंड पेय घ्यायला गेलं की दोनशेच्या खाली काही नाही. आपल्या गावाहून नेलेला चिवडा खोलीत खाल्ला. कुणी म्हणालं की ही जहाजं डिझेल पितात, धूर सोडतात, तर ते खरंय अन् त्यावर बोला, मी ऐकतो. तो मुद्दा झाला. "तुला कशाला पाहिजे" हा मुद्दा नाही.

अन् जहाज आपल्या जिल्ह्याला नवीन कुठं आहे? शकुंतला आठवते नं? मूर्तिजापूर ते यवतमाळ, किलिक निक्सन कंपनीची नॅरोगेज. ती काय आपल्याला लग्नाला न्यायला टाकली होती? इथला कापूस मुंबईच्या बंदरात अन् तिथून जहाजात भरून मँचेस्टरच्या गिरण्यांत न्यायला टाकली होती. माझ्या पणजोबानं वेचलेल्या कापसानं शंभर वर्षांपूर्वी समुद्र ओलांडला. वेचणाऱ्याच्या घरातलं माणूस त्या बंदराला लागायला 2026 उजाडलं. आता उलटं चाललंय. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं अन् ती सूट डिसेंबरपर्यंत ओढली, ऐन आपला माल बाजारात यायच्या वेळी. परदेशी कापूस जहाजात बसून आरामात आला. त्याच्या फोटोखाली कुणी कॉमेंट केली नाही. भाव पडला तो त्यानं, काकूच्या गॉगलनं नाही.

राग काढायचाच आहे तर जागा सांगतो.

यवतमाळ जिल्ह्याचं ठिकाण आहे, अन् मुंबईची गाडी पकडायला पन्नासेक किलोमीटर धामणगावला जावं लागते. शकुंतला बंद पडून वर्षं झाली, रूळ गवतात आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड, 284 किलोमीटरचा मार्ग, पंधरा वर्षांहून जास्त ऐकतोय. 28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधानांनी यवतमाळच्या सभेतून त्यातल्या वर्धा ते कळंब तुकड्याचं उद्घाटन केलं. टाळ्या मी पण वाजवल्या. पण कळंब म्हणजे यवतमाळ नाही, अन् नांदेड तर लई दूर.

दुसरं. धामणगावपर्यंत एसटीनं गेलो, काकूचं तिकीट अर्धं. 17 मार्च 2023 पासून बायांना ही सवलत आहे. ती सुरू झाली तेव्हा पण हेच लोक म्हणत होते, बाया आता उगाच गावोगाव फिरतील. फिरल्याच! माहेरी गेल्या, दवाखान्यात गेल्या, माहूरला गेल्या, अन् काही नुसत्याच फिरल्या. तिकीट परवडलं की गरीब माणूस फिरतो, त्याला फिरायची हौस नाही हे खोटं आहे. पण धामणगावला रेल्वेत चढलो अन् काकूचं तिकीट पूर्ण. 58 वर्षांवरच्या बायांना रेल्वेत पन्नास टक्के सूट होती, ती मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या नावावर थांबवली. कोरोना गेला, सूट काही परत आली नाही. त्याच केंद्र सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये क्रूझ भारत मिशन काढलं, पाच वर्षांत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे म्हणून. मुंबईत बॅलार्ड पिअरला नवं टर्मिनल बांधलं, विमानतळासारखं चकाचक. बांधा, चांगलंच आहे. पण त्या टर्मिनलपर्यंत यायला म्हातारीला अर्ध्या तिकिटाची गाडी देत नसाल तर ते प्रवासी दुप्पट कुठून होणार आहेत, फक्त अंधेरी-बांद्र्यातून?

राज्य सरकार साठीवरच्यांना तीर्थदर्शनासाठी 30 हजारांपर्यंत देते. माझी काही हरकत नाही, आमच्या गल्लीतले दोघं जाऊन आले, खूश आहेत. पण देवाचं नाव न घेता नुसतं पाणी बघायचं असेल तर म्हाताऱ्या माणसाला एक रुपयाची सोय नाही. कोकणातली जुनी माणसं सांगतात, ऐंशीच्या दशकापर्यंत मुंबई-गोवा आगबोट चालायची अन् डेकवर वळकटी टाकून गिरणी कामगार गणपतीला घरी जायचे. तो समुद्र गरिबाचा पण होता. आता तोच रस्ता पॅकेजमध्ये आलाय. मागायचं असेल तर ती डेकची जागा परत मागा. खासदारांना टॅग करा, मी पण करतो. माझ्या काकूचा फोटो काढून टाका हे मागू नका. तो निघणार नाही.

इनबॉक्समध्ये ज्यांनी चांगल्या मनानं विचारलं, अन् ते पण पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी: पावसाळ्याच्या महिन्यांत जाऊ नका. बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त पडते, तीच घ्या, खोलीत बसायला कोण जाते. शनिवार-रविवार सोडून बघा. सगळ्यांचं आधार कार्ड सोबत पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला उलटीच्या गोळीबद्दल आधी डॉक्टरला विचारून घ्या, अन् एक जाड शाल ठेवा, पहाटे वर वारा लई असते. बाकी काही अडलं तर कॉमेंटमध्ये विचारा, दुकान बंद केलं की रात्री उत्तर देतो.