शिक्का कुणाच्या पिशवीत?

ताडोबाच्या बफरमधल्या एका गावात, समाजमंदिरात बैठक होती. विषय ‘लोकसहभागातून वन्यजीव संवर्धन’. या शब्दांची मला जुनी ॲलर्जी आहे, तरी गेलो. वन खात्याच्या साहेबांनी प्रोजेक्टर लावला, वीज गेली, मग साहेबांनी तोंडीच सांगितलं. वाघ म्हणजे तुमचा अभिमान, वाघ म्हणजे रोजगार, वाघ वाचला तर जंगल वाचेल, जंगल वाचलं तर पाणी. मागच्या ओळीतली एक म्हातारी उठली. ‘‘साहेब, वाघ एवढा कामाचा हाय, मंग माह्या वावरात काहून येते?’’ सगळे हसले, साहेबही हसले. उत्तर कुणीच दिलं नाही. म्हातारी बसली आणि पोह्यांची ताटली फिरू लागली.

मला आठवतं ते त्यानंतरचं. ठराव लिहून झाला. गावच्या वन समितीचे अध्यक्ष गावातलेच. त्यांनी खुर्चीच्या दांडीवर वही टेकवून सही केली. मग समितीचे सचिव, म्हणजे वनपाल, पुढे आले. खांद्यावरच्या रेक्झिनच्या पिशवीतून त्यांनी शाईचं पॅड काढलं, शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि ठरावावर दाबला. कागदाच्या कोपऱ्याला शिक्का पुसला, परत पिशवीत टाकला आणि मोटरसायकलला किक मारून ते निघून गेले. गावाची समिती, गावाचा ठराव, गावाचं जंगल. शिक्का मात्र रात्रीच्या मुक्कामाला सरकारी क्वार्टरात. यालाच सरकारी मराठीत लोकसहभाग म्हणतात.

सहभाग कोण मागतो? ज्याच्या हातात सगळं आहे तो. लग्न त्याचं, यादी त्याची, पत्रिकेवर नाव त्याचं. आपण फक्त पंगतीत वाढायला यायचं आणि उष्टी काढून जायचं. जाताना वर ऐकून घ्यायचं, ‘तुमच्याशिवाय कार्य शोभलं नसतं.’

हे विदर्भातच घडतं असं नाही. माझं आजोळ माढा तालुक्यातलं. १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र साधारण ८,४९६ चौरस किलोमीटर. आकडा नीट वाचा. त्यात माळ होते, तशीच शेतं होती, गावं होती, एस.टी. स्टँड होते, आठवडी बाजार होते. एखाद्या बाबूनं नकाशावर ताट पालथं घालून भोवती पेन्सिल फिरवावी तसलं ते अभयारण्य. माळढोकाला लागतं मोकळं गवताळ माळरान आणि थोडी शांतता. मादी हंगामाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर, जमिनीवर. अशा पक्ष्याला वाचवायचं तर माळावर मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या धनगराला आणि ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याला विश्वासात घेणं एवढा एकच मार्ग होता. सरकारनं त्यांना विश्वासात घेतलं नाही, त्यांच्या सातबाऱ्याला घेतलं. जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकामं अडली. माझ्या मामाला मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचं होतं. कचेरीत सांगितलं, अभयारण्यात आहे, होणार नाही. मामा पुढे कित्येक वर्षं एकच वाक्य म्हणायचा : ‘‘तो पक्षी मी जन्मात दोनदा बघितला. पण सातबारा काढला की दर वेळी दिसतो.’’

शेवटी २०१२च्या सुमारास न्यायालयाच्या वाटेनं हे क्षेत्र आवळून बाराशे-साडेबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर तीन दशकं गेली होती. एवढ्या वर्षांत एका अख्ख्या मुलखाला एका पक्ष्याचा तिटकारा करायला शिकवण्यात आलं, आणि हे काम सरकारनं कुठलंही अनुदान न मागता केलं. आज अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. काळवीट मात्र उदंड आहेत. ते रात्री ज्वारीत उतरतात आणि शेतकरी बांधावर बसून नेमक्या कुणाला शिव्या घालायच्या याचा विचार करतो.

आता उलटं टोक. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा, धानोरा रस्त्यावरचं लहानसं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही या गावाच्या चळवळीतली नावं महाराष्ट्राला ठाऊक आहेत, निदान असायला हवीत. या गावात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचा जरी नकार असला तरी पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. शहरातल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून एकमेकांच्या गचांड्या धरणाऱ्या माणसांना हे परीकथेसारखं वाटेल, पण ते तिथं वर्षानुवर्षं चाललं. वनहक्क कायदा आला २००६मध्ये. २००९ साली मेंढ्याला १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

झालं, प्रश्न सुटला? छे. कायद्यानं बांबू गौण वनोपज ठरवला होता, म्हणजे तोडायचा आणि विकायचा हक्क ग्रामसभेचा. वन खात्यानं कपाटातून १९२७चा भारतीय वन कायदा काढला आणि सांगितलं, बांबू हे झाड आहे. बांबू गवताच्या कुळातला, हे शाळेतलं पोर सांगेल. पण गवत म्हटलं की गावाचं होतं आणि झाड म्हटलं की खात्याचं राहतं, तेव्हा खात्याचं वनस्पतिशास्त्र एका रात्रीत पक्कं झालं. हाच बांबू कागद कारखान्याला वर्षानुवर्षं मातीमोल भावानं जात होता, तेव्हा तो गवत की झाड हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. गावानं बांबू तोडला तरी तो रस्त्यावर आणायला लागतो वाहतूक परवाना. सगळे त्याला टीपी म्हणतात. टीपीचं पुस्तक खात्याकडे आणि खातं देईना. हक्क तुमचा, बांबू तुमचा. फक्त जंगलाबाहेर न्यायचा नाही. पगार तुमचा, पण खिशात घालायचा नाही, असा हा प्रकार.

२७ एप्रिल २०११ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका गावाला एक पुस्तक मिळावं म्हणून दिल्लीहून मंत्री यावा लागला, यात त्या मंत्र्याचं कौतुक आहेच, पण व्यवस्थेच्या कानफटात त्याहून मोठी आहे. त्या दिवसापासून टीपीवर सही ग्रामसभेची. सगळा मुद्दा या एवढ्याशा पुस्तकात आहे. जंगल कुणाचं हे फलकावरून कळत नाही, ते टीपीवर सही कोण करतो त्यावरून कळतं.

‘गावाच्या हाती जंगल दिलं की ते चार दिवसांत विकून खातील,’ असं ज्यांना वाटतं (आणि पुण्या-मुंबईच्या निसर्गप्रेमी मंडळींपैकी बऱ्याच जणांना मनातून तसंच वाटतं), त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात पाचगावला जाऊन यावं. २०१२मध्ये या गावाला हजार हेक्टरांच्या आसपास जंगलावर हक्क मिळाला. बांबूतून पैसा येऊ लागला. मग ग्रामसभेनं काय केलं? तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. उन्हाळ्यात हातात रोख पैसा देणारं हे एकच पीक, ते त्यांनी आपणहून सोडलं. का, तर चांगली कोवळी पानं यावीत म्हणून तेंदूची झाडं छाटली जातात, जंगलात आग लावली जाते, आणि फळ धरत नाही म्हणून पाखरांच्या तोंडचा घास जातो. हा हिशेब कुठल्या विद्यापीठानं त्यांना शिकवला नव्हता. जंगल आपलं आहे आणि पुढच्या वर्षीही आपलंच असणार आहे, एवढी खात्री पटल्यावर माणूस असा हिशेब आपोआप करू लागतो. भाड्याच्या घराला कुणी वॉटरप्रूफिंग करत नाही.

धुळे जिल्ह्यातलं बारीपाडा तर वनहक्क कायद्याच्याही आधीचं. नव्वदीच्या दशकात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी केली, दंड लावले, राखण लावली. २०२५मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. पद्मश्री देणं सोपं असतं. बारीपाड्यासारखा अधिकार शेजारच्या वीस गावांना देणं अवघड, म्हणून आपण पद्मश्री देतो.

आता कुणी म्हणेल, लेखक महाशय गाववाल्यांची आरती ओवाळताहेत. नाही. रानडुकरासाठी तारेत करंट सोडणारा माणूस याच गावांतला आहे आणि त्या तारेला वाघही चिकटतो. सकाळी वावरात वाघ मरून पडलेला दिसला की रात्रीतून खड्डा खणून तो पुरणारे हातही गावातलेच. फास लावणारेही आहेत, सागवान चोरणारेही आहेत. हे मी नाकारत नाही. पण करंट सोडणाऱ्याच्या मचाणावर एक रात्र काढा. धानाच्या बांध्यात डुकरांचा कळप शिरतो, तास-दीड तासात पीक लोळवून निघून जातो. सकाळी अर्ज. पंचनाम्याला तीन खात्यांची तीन माणसं एकाच दिवशी एकाच बांधावर यायला हवीत, म्हणजे ग्रहांची युती जमायला हवी. तोवर उभं पीक आडवं झालेलं आणि आडवं झालेलं कुजलेलं. माणूस वाघानं मारला तर राज्य सरकार आता वारसांना पंचवीस लाख देतं. जिवंत माणसाच्या धानाचा भाव मात्र अर्ज-पंचनामा-मंजुरी या रांगेत कुठे तरी हरवतो. मेल्यावर लखपती करणारी ही योजना जिवंत माणसाला समजावून सांगायची कशी, ते मला अजून जमलेलं नाही.

आणि ज्याला जंगलात जाऊ नको म्हणून बजावलं जातं, तो कोण असतो? मे महिन्यात पहाटे चार वाजता कमरेला फडकं बांधून तेंदूला निघालेली बाई. ती वाकून पानं तोडते, वाघाला ती चार पायांचं जनावर वाटते, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते : ‘सूचना देऊनही जंगलात गेल्या.’ सूचना तिला. त्याच मे महिन्यात, २०२५ साली, केंद्राच्या समितीनं गडचिरोलीत एटापल्लीच्या बाजूला लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी नऊशे हेक्टरांवर जंगल आणि सव्वा लाखाच्या आसपास झाडं देण्याला हिरवा कंदील दाखवला. बाईचं पुडकं सत्तर पानांचं असतं. पुडकं बांधणारी जंगलाला धोका आणि खाण म्हणजे शाश्वत विकास. ‘शाश्वत’ हा शब्द आपल्याकडे पूर्वी आत्म्यासाठी वापरत, आता उत्खननासाठी वापरतात.

ताडोबाच्या पर्यटनानं गावांना काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. गेटजवळच्या गावांत पोरं गाईड झाली, जिप्सी चालवू लागली, काहींनी होमस्टे काढले. एका गाईडच्या घरी मी जेवलो आहे. त्याच्या भिंतीवर वाघिणीचा फोटो देवाच्या फोटोशेजारी होता आणि तो देखावा नव्हता. पण गेटपासून आठ-दहा किलोमीटर आतल्या गावाला या पैशाचा वासही येत नाही. वाघ मात्र तिथंही येतो. गेट कुठं काढायचं, किती गाड्या सोडायच्या, पैसा कुठल्या कामावर खर्च करायचा, हे ठरतं कुठे? पुन्हा त्याच पिशवीत.

आणि हे चुकून होत नाही. वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देतं, अगदी स्पष्ट शब्दांत. तरीही मार्च २०१७मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं फतवा काढला की वाघांच्या गाभा क्षेत्रात वनहक्क द्यायचे नाहीत. साधारण वर्षभरानं, ओरड झाल्यावर, तो मागे घेतला. मग जून २०२४मध्ये नवं पत्र : देशभरातल्या गाभा क्षेत्रांतली ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं कधी हलवणार त्याचं वेळापत्रक द्या. कुटुंबांचा आकडा शेवटच्या एकापर्यंत पक्का आहे, हे लक्षात घ्या. मोजणीत आपण कधीच कमी पडत नाही. या कुटुंबांपैकी कितींचे सामूहिक दावे उपविभागीय समितीत धूळ खात पडलेत, याचंही वेळापत्रक त्याच पत्रात मागायला हवं होतं. कायदा म्हणतो, आधी हक्क मान्य करा, मग ग्रामसभेच्या संमतीनं पुनर्वसनाचं बोला. आपण आधी ट्रक पाठवतो आणि मग संमती मागतो.

मला वाघ हवा आहे. माळढोकही हवा होता. म्हणून तर एवढं चिडून लिहितोय. जंगलाची राखण खाकी गणवेशातल्या माणसांनी एकट्यानं करायची हा प्रयोग आपण दीडशे वर्षं केला. बीटचा वनरक्षक एकटा, बीट अफाट, हातात काठी. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पण त्याच्या साहेबाला शेजारच्या गावातली दोनशे माणसं राखणदार म्हणून नको असतात, कारण राखणदार म्हटला की हिशेब मागतो.

पुढच्या वेळी ताडोबाला जाल, जालच म्हणा, बुकिंग झालेलं असेल, तेव्हा जिप्सीत पुढे बसलेल्या गाईडला पहिल्या दहा मिनिटांत ‘टायगर दिसेल का’ विचारू नका. तो आपणहून सांगेल. त्याला विचारा, तुझ्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा कुठं अडकलाय, आणि ग्रामसभेचा शिक्का कुणाच्या घरी असतो.