रिकाम्या कारखान्यातील मत्स्यालय

मत्स्यालय म्हणजे काचेच्या पेट्यांत ठेवलेले रंगीबेरंगी मासे. तिकीट काढून ते पाहावयाचे आणि मुलांना फुटाण्यांची पुडी घेऊन देऊन घरी परतावयाचे, अशी आपल्याकडे बहुतेकांची समजूत आहे. तेवढेच असते, तर या सदरात त्यास जागा देण्याचे कारण नव्हते. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॉन्टेरे या गावी समुद्रकाठी जे मत्स्यालय आहे, त्याच्या कार्यात आपल्या खेड्यांतील कुटुंबांनी ध्यानी घ्यावे असे पुष्कळ आहे.

हे गाव एके काळी मासळीवर जगत असे, आणि ती मासळीही आपल्या तारलीच्याच जातकुळीतली. होड्या रात्री बाहेर पडत, भरल्या जाळ्यांनी परतत, आणि कारखान्याचा भोंगा वाजला की बायाबापड्या कामावर धावत. मासळी डब्यांत भरून दूरदूर जाई. पुष्कळशी तर दळून तिचे खत व कोंबड्यांचे खाद्य करण्यात येई. इतकी मासळी उपसू नका, असे जाणत्यांनी वेळोवेळी सांगितले. पण भरल्या जाळ्यासमोर असले बोलणे कोण ऐकतो? समुद्राचे तापमान पालटले, त्यात ही अतोनात मासेमारी, आणि १९५० च्या सुमारास मासळी जवळजवळ नाहीशी झाली. एकामागून एक कारखाने बंद पडले. १९१६ साली निघालेला होव्डेन यांचा कारखाना सर्वांत शेवटी, १९७३ मध्ये थांबला.

याच कारखान्याच्या जागी २० ऑक्टोबर १९८४ रोजी मत्स्यालय उघडले. डेव्हिड व लुसिल पॅकार्ड या दांपत्याने त्यासाठी साडेपाच कोटी डॉलर दिले, आणि त्यांची कन्या ज्यूली ही संस्थेची पहिली संचालिका झाली. कारखान्याच्या जुन्या भट्ट्या त्यांनी मोडल्या नाहीत. येथे काय घडले हे येणाऱ्याजाणाऱ्यास कळावे म्हणून त्या तशाच ठेवल्या.

आत २८ फूट उंचीची एक टाकी आहे. तीत केल्प नावाची समुद्रवनस्पती रानासारखी वाढते. वरून ऊन येते, उपसागराचे पाणी आत खेळविले जाते, आणि पाणी सतत हलते राहावे म्हणून लाटा उठविणारे यंत्र बसविले आहे. पाणबुडे आत उतरून माशांना खाऊ घालतात व तोंडावरील मुखवट्यातूनच बाहेरच्या मंडळींशी बोलतात. यांपैकी कित्येकजण वेतन न घेता आपला वेळ देणारे नागरिक होत. कॅलिफोर्नियातील शाळांच्या मुलांकडून प्रवेशाचे पैसे घ्यावयाचे नाहीत, हा शिरस्ताही त्यांनी प्रारंभापासून पाळला आहे.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते पोरक्या पाणमांजरांचे कार्य. समुद्रातील या प्राण्याची कातडी फार ऊबदार. तिच्या लोभाने माणसाने त्याचा जवळजवळ निर्वंश केला. १९३८ साली मॉन्टेरेच्या दक्षिणेस सुमारे पन्नास पाणमांजरांचा कळप दिसला, तेव्हा लोकांस आश्चर्य वाटले. आज त्या किनाऱ्यावर ती सुमारे तीन हजार आहेत. आईपासून तुटून किनाऱ्यास लागलेली पिले मत्स्यालयात आणली जातात. प्रथम माणसेच त्यांना वाढवीत. पण माणसाला सरावलेले पिलू समुद्रात टिकेना. म्हणून पिलांजवळ जाताना सेवकांनी काळा झगा व वेल्डिंग करणाऱ्याचा मुखवटा घालावा, असे ठरले.

पुढे २००१ मध्ये तूला नावाच्या आजारी मादीला मेलेले पिलू झाले. त्याच सुमारास एक पोरके पिलू हाती आले. ते तिच्याजवळ सोडताच तिने त्यास आपले म्हटले. २०१२ साली मरेपर्यंत तिने तेरा पिले वाढविली. २००२ ते २०१६ या काळात अशी मानलेल्या आयांनी वाढविलेली ३७ पिले जवळच्या एल्कहॉर्न खाडीत सोडण्यात आली. तेथील पाणमांजरांत जी वाढ झाली, तिचा निम्म्याहून अधिक वाटा या पोरक्यांचा व त्यांच्या संततीचा आहे, असे संशोधकांस आढळले. पाणमांजर खेकडे खाते, त्यामुळे पाण्यातील गवतावरचे शेवाळ खाणारे बारीक जीव वाचतात, आणि ते गवत पुन्हा फोफावते. एका अनाथाला आश्रय मिळाला की किती जणांचे घर सावरते, पाहा!

मत्स्यालयाने १९९९ पासून आणखी एक उपक्रम चालविला. कोणती मासळी घ्यावी, कोणती विचारपूर्वक घ्यावी व कोणती टाळावी, हे हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांनी दाखविणारी खिशात मावेल अशी पत्रके त्यांनी लोकांस वाटली. यावरून तंटाही झाला. उत्तर अटलांटिकमधील एका जातीचे देवमासे आता चारशेहूनही कमी उरले आहेत. शेवंडी पकडण्याच्या सापळ्यांच्या दोरांत ते अडकतात, म्हणून २०२२ साली तेथील शेवंडीस तांबडा रंग देण्यात आला. मेन राज्यातील मच्छिमार संतापले व २०२३ मध्ये न्यायालयात गेले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नियम पाळून धंदा करीत आलो, असे त्यांचे म्हणणे. ज्याच्या घरची चूल जाळ्यावर पेटते त्याचे ऐकल्यावाचून असा निर्णय कोणी करू नये, असे आम्हांस प्रांजळपणे वाटते. तथापि, समुद्र रिता झाल्यावर चूल कोणाचीच पेटत नाही, याची साक्ष मॉन्टेरेच्या त्या थंड भट्ट्या देत आहेत.

प्रिय वाचकहो, आपल्या गावी असे मत्स्यालय होणे नाही. त्याची गरजही नाही. ओढा आहे, तळे आहे, कोठे खाडी आहे. कोणते मासे पूर्वी मिळत व आता दिसत नाहीत, हे सांगणारे एखादे आजोबा प्रत्येक वाड्यावर आहेत. येत्या रविवारी दुपारी मुलांना त्यांच्यासह पाण्याकाठी पाठवा. त्यांना माशांची नावे शिकू द्या, आणि अंड्यांवर आलेली मासळी पावसाळ्याच्या तोंडी का धरू नये, हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. यास तिकीट पडत नाही.